मिठाचा शेक

माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'थेरपी असिस्टंट' लिहिलेलं होतं, पण कोनखारात मला सगळे 'पायवाली बाय' म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पेणच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मैथिली मॅडमच्या हाताखाली सहा वर्षं काढली होती मी. मॅडम फिजिओथेरपिस्ट, ठाण्याहून आठवड्यातून दोनदा यायच्या. बाकीचे दिवस मुलं माझ्याच हातात. पोलिओची, जन्मापासून पावलं आत वळलेली, मेंदूत ताप जाऊन अंग ताठ झालेली. प्लास्टर भिजवायचं, पायाला आधार देणाऱ्या लोखंडी कॅलिपरचे पट्टे आवळायचे, आणि रडणाऱ्या पोराचा गुडघा शंभर वेळा वाकवायचा. पेणमध्ये प्लास्टर म्हटलं की लोकांना आधी गणपती आठवतात. माझा भाऊ चेष्टा करायचा, "मालती, तुझ्या मूर्तींचं विसर्जन कधी?"

गुरुवारी मी गावांमध्ये जायचे. यादीत एक्केचाळीस मुलं होती. कोनखार यादीत शेवटचं, कारण एसटी सोडल्यावर खाडीच्या बांधावरून पाऊण तास चालावं लागे. दोन्ही बाजूंना मिठागरं, डोळे दिपवणारी. त्या गावात आधी तीनच मुलं होती माझी, आणि त्यातली एक बाबाजींची नात मनस्वी. बाबाजी म्हणजे गावकीचे पुढारी. मनस्वी पोलिओची, हातावर सरपटायची, ती माझ्या हाताखाली कॅलिपर घालून उभी राहिली. तेव्हापासून गावात माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

शहाण्णवच्या जानेवारीत पुतळीनं मला बांधावर गाठलं. मिठाच्या वाफ्यातून तशीच वर आली होती, गुडघ्यापर्यंत पाय खाऱ्या पाण्यानं चिरलेले, हातात मीठ ओढायचं लांब दांड्याचं फावडं.

"तू पायवाली ना गो बाय? माजी पोर बगशील? चार वर्सांची झाली, उबी रवत नाय."

तिच्या घरी गेले. उंबऱ्यावर सासू बसलेली, आत गोणपाटावर दिपिका. सगळे तिला दिपी म्हणत. पाय काटकुळे, पण तोंड अखंड चालू. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "तुजी साडी चुरगललीय." मला हसू आलं. मी पाय उचलून सोडला, तो ओल्या पंच्यासारखा पडला. खालचं गोणपाट भिजलेलं होतं. मी म्हटलं, लहान आहे, झालं असेल.

"पोलिओ आहे हा," मी सांगून टाकलं.

कमरेला तिच्या काळं फडकं गुंडाळलेलं होतं, चांगलं वीतभर रुंद. मी ते सोडायला हात घातला तर सासू उठलीच. "त्याला हात लावू नको. भगतानं बांधलाय." मला सव्वाचारची एसटी गाठायची होती. म्हटलं, राहू दे, पाय तर दिसतायत. मी पाठ बघितली नाही.

मॅडमचा एक नियम होता. नवीन मूल आधी त्यांना दाखवायचं, मग हात लावायचा. मी पुतळीला सांगितलंही, सोमवारी पेणला ये.

"मिठाचा हंगाम हाय. एक खाडा परला तं मुकादम दुसरीला लावतो. होली झाली का येन मी, नक्की येन. तवर काय करू?"

सहा वर्षांत शंभरावर पोलिओची मुलं हाताळली होती मी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, पण तेव्हा मला बैल दिसत नव्हता, शहाणपण दिसत होतं. मी तिला घोटा आणि गुडघा कसा हलवायचा ते दाखवलं. "आधी शेक दे, स्नायू मऊ पडतात. गरम पाण्याच्या पिशवीनं दे."

"पिशवी कुटशी आनू? मीठ तापवून पुरचुंडी केली तं चालंल?"

"चालेल की. उलट बरं. मीठ ऊब धरून ठेवतं."

कोनखारात कंबर धरू दे, गुडघा सुजू दे, बाळंतीण शेकायची असू दे, सगळ्यांना एकच औषध. तव्यावर खडेमीठ तापवायचं आणि फडक्यात बांधून लावायचं. किती गरम हे कोणी हातानं बघत नाही. पुतळीचे हात तर मिठानं असे राठ झालेले की निखारा उचलला असता. ज्याला शेकतात त्यानंच सांगायचं. तो 'हाय हाय' करायला लागला की पुरचुंडी उचलायची. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलेलं.

पुढच्या गुरुवारी कसलासा बंद होता, एसटी निघाल्या नाहीत. म्हणजे मी गेले ती पंधरा दिवसांनी. अंगणातच वास आला. आत पुतळी दिपीच्या पायावरच्या माशा वारत बसली होती. दिपी मला बघून खूश झाली आणि तिनं फ्रॉक वर घेतला, नवीन बांगड्या दाखवाव्यात तसा.

"बग बाय, माज्या पायाला केवरे फोर आलेत."

दोन्ही पोटऱ्या आणि उजवी मांडी. फोड फुटून गेलेले, मध्ये काळं पडलेलं. मी सांगते तुम्हाला, भाजलेली मुलं मी पाहिलीत, त्यांच्या किंकाळ्यांनी वॉर्ड फुटायची वेळ येते. ही बोटानं फोड मोजत होती. एक, दोन, तीन, पाच.

"पुतळे, अगं काय केलंस हे?"

"तू सांगितलं तसाच केला गो. 'भाजतं का' इचारलं, तं हसली. म्हटलं ऊब लागत नसंल, म्हनून आनखी तापवलं. रोज तापवलं. रडलीच नाय ती."

मी दिपीला उचललं आणि बांधावरून निघाले, पुतळी मागून धावत. पाऊण तास. पोरगी माझ्या खांद्यावर मजेत होती, कधी कोणी एवढं लांब नेलंच नव्हतं तिला. बगळे दिसले की टाळ्या वाजवायची. आज इतकी वर्षं झाली, पण ते हसणं माझ्या कानातून जात नाही. कोणतंही मूल माझ्या हाताखाली गप्प राहिलं की मी तिथंच हात थांबवते. मी आता सेफ्टी पिन जवळ ठेवते, पहिल्यांदा तळपायाला टोचून बघते. मूल भोकाड पसरतं, आया रागावतात, आणि मला मात्र देव भेटल्यासारखं होतं.

हॉस्पिटलात मॅडमनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर ते काळं फडकं कात्रीनं कापलं. माकडहाडाच्या वर केसांचा झुपका होता, आणि त्याखाली खळगा.

"पोलिओ नाही हा. मणक्यातच खोट आहे जन्मापासून," मॅडम म्हणाल्या. "कमरेखाली हिला काही कळत नाही. थंड नाही, गरम नाही, लघवी झालेली नाही. शेक कुणी द्यायला सांगितला?"

केसपेपरवर त्यांचं पेन थांबलेलं. पुतळी भिंतीला टेकून पदरानं तोंड पुसत होती.

"घरी दिला त्यांनी," मी म्हटलं. "मिठाचा."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. तीच तर खुबी. मॅडमनी तसंच लिहिलं.

दिपीला दोन महिने राहावं लागलं. काळं पडलेलं मांस कापून काढलं, मांडीची कातडी काढून पोटरीवर लावली. रोजचं ड्रेसिंग मी करायचे. तिला दुखत नव्हतं म्हणून ती माझ्याशी गप्पा मारायची. पुतळी पलंगाखाली झोपायची, सकाळी पोरीचे कपडे धुवायची, दुपारी पुन्हा धुवायची. मिठागरातलं काम केव्हाच दुसरीला गेलं होतं. नवरा, कान्हू, एकदाच आला. दारातून बघितलं, केळी ठेवली आणि गेला.

तिसऱ्या आठवड्यात पुतळीनं मला संडासाजवळच्या नळावर थांबवलं.

"बाय, सासू गावात सांगत फिरते. मीच पोर जाळली म्हनते. पांगली पोर नको झालेली मना, म्हनून. पोर घरात ठेवायची आनि मना हाकलायची म्हनते. गावकी बसनार हाय शिमग्यानंतर. तू सांगशील ना? का शेक तू सांगितलास?"

"सांगेन की. त्यात काय? तू कशाला घाबरतेस?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. तिनं माझा हात धरला, तिच्या हाताला फिनाइलचा वास येत होता.

त्याच आठवड्यात मॅडमनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. "मालती, विश्वस्तांना गावातलं काम नकोच आहे. खर्च दिसतो, नाव दिसत नाही. आपल्या माणसाच्या हातून एवढीशी चूक निघाली तर ते उद्या बंद करतील. कोनखारच्या मुलीचं मला आणखी काही कळायला हवं का?"

"नाही मॅडम."

आता यावर मी एक्केचाळीस मुलांचं कारण पुढे करू शकते. काम बंद झालं असतं, मुलं पुन्हा सरपटली असती, वगैरे. ते खरंही आहे. पण खरं खरं विचाराल तर मला तो बिल्ला हवा होता. आमच्या आळीत मी लग्न न झालेली मालती होते, भावाच्या घरात भाजी निवडणारी. कोनखारात म्हातारे बाप्ये मला बघून उठून उभे राहायचे.

शिमगा झाला आणि गावकी बसली. भांगाचं पाणी होतं, म्हणजे भरती बेताची, मिठागरात नवं पाणी घ्यायचं नव्हतं, म्हणून बाप्ये मोकळे. सकाळी दहाची वेळ, देवळापुढच्या फरशीवर वीस-पंचवीस जण. बायका खांबाआड. मला मात्र खुर्ची दिली. मनस्वी कॅलिपर खडखडवत माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. अर्धं पाणी वाटेत सांडलं, पण आपल्या पायांनी आली. सगळे तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे.

सासू उभी राहिली. "हिनं पानवठ्यावर सगल्या बायांच्या म्होरं म्हटलं व्हतं, पोर मेली असती तं मी सुटली असती. इचारा, म्हटलं व्हतं का नाय?"

"म्हटलं व्हतं," पुतळी म्हणाली. "दिसातना सात वेला पोर धुवा लागतं. तवा एकदा म्हटलं व्हतं."

"ऐकलंत?"

कान्हू मान खाली घालून अंगठ्यानं फरशीची चीर उकरत होता. बाबाजींनी तंबाखू थुंकली आणि माझ्याकडे वळले. "बाय, तू सांग. शेक द्याया तू सांगितलं व्हतंस?"

मी उभी राहिले. खरं सांगते, बोलायचंच ठरवून आले होते. एसटीत वाक्य घोकत आले होते. पण समोर वीस माणसं, आणि पायाशी मनस्वी, तांब्या धरून.

"शेक... तसा पोलिओत देतात," मी म्हटलं. "पण इतका गरम..."

तेवढंच. पुढचं वाक्य आलंच नाही. पुतळी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. मिठाचा वाफा पिकला की अजून कच्चा आहे हे बघतात, तसं नीट निरखून. मग ती गावकीकडे वळली.

"बाय नाय बोलली. बायनं निसता व्यायाम सांगितला. शेक माज्या मनचा."

खांबाआडून बायकांचा गलका झाला. बाबाजींनी हात वर केला आणि पुन्हा मलाच विचारलं, "बाय, तुला आनखी काय बोलायचं हाय? इचार करून सांग."

"नाही," मी म्हटलं.

पुतळीनं माहेरी जायचं, पोर कान्हूच्या घरात राहील, आणि पुतळीनं कोनखारात पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. अर्ध्या तासाच्या आत ठरलं.

मी बांधावर तिची वाट बघत थांबले. कपड्यांचं बोचकं काखेत घेऊन ती आली. मी रडत होते, ती नव्हती.

"पुतळे, का केलंस असं? मी बोलणार होते."

"नाय बोलनार व्हतीस. तुजं तोंड बगितलं मी." ती चालतच राहिली. "तुला खोटी पारली असती तं तू परत आली असतीस का गावात? मना तं हाकलनारच व्हते, मग घरात पोर कोनाच्या भरवशावर टाकू? सासू दोन दिस धुवंल, तिसऱ्या दिशी गोठ्यात ठेवंल. आता तू येशील. तुला यावाच लागंल."

"येईन. दर गुरुवारी येईन."

"बेस्तरवारी दिपीकडं. आनि आयतवारी रोह्याला माज्याकडं. मना सगला सांगायचा. खाल्लं काय, धुतली का, जखम कशी हाय. सगला."

तिला एसटीत बसवून दिलं. खिडकीतून तिनं एकदाही मागे बघितलं नाही.

मी शब्द पाळला, तेवढं तरी माझ्या पदरात टाका. दर रविवारी पॅसेंजरनं नागोठण्यावरून रोह्याला. स्टेशनपासून वीस मिनिटांवर तिच्या भावाचं, केरूचं घर. पुतळी भातगिरणीत कोंडा पाखडायला जायची, केसांत भुसा तसाच. मी ओट्यावर बसून परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं द्यायचे. वैशाखात कान्हूनं दुसरी केली. तेही मीच सांगितलं. तिनं विचारलं, "ती धुते का दिपीला?" मी म्हटलं, धुते, वाईट नाही बाई. पुतळी म्हणाली, "बरा झाला," आणि आत जाऊन बराच वेळ आली नाही.

आणि तिकडे दिपी. तिला मी लांब कॅलिपर करून घेतले. पट्टे आवळताना दर वेळी कातडी तपासायची, तिला चट्टा पडला तरी कळणार नाही म्हणून. दिवाळीच्या आधी ती बाकाला धरून उभी राहिली. त्या दिवशी माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "माजी आयस कदी येनार?" मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, "आजी म्हनते तिनं मना जाळली. मना तं काय जालंच नाय." आणि हसली.

मी तिथून उठले आणि थेट बाबाजींच्या अंगणात गेले. ते जाळं विणत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. पोलिओ समजले, पाठ बघितली नाही, शेक मी सांगितला, मिठाचा चालेल असंही मीच म्हटलं, आणि गावकीत मूग गिळून बसले. "तिला परत बोलवा, बाबाजी. मला जे करायचं ते करा."

त्यांनी गाठ मारून पुरी केली. "आमाला तवाच कळलं व्हतं."

"काय?"

"मी तुला दोनदा इचारलं. दुसऱ्यांदा कशाला इचारलं असंल? कान्हूला बी कळलं, सगल्यांना कळलं. चार वर्सं तिनं शेक दिला नाय, तू येऊन गेल्यावरच कसा दिला?" त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "पन तुला खोटी ठरवली असती तं तुज्या दवाखान्यानं तुला परत पाठवली नसती. गावात तवा चार पोरं व्हती तुजी. माजी नात चालाया लागली व्हती. सून दुसरी मिलते, बाय. पायवाली कुटं मिलते?"

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी..."

"आमी नाय. तिनंच केलं. आमी मानलं." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "कान्हूनं दुसरी आनली. आता तिला बोलवून ठेवू कुटं? झालं ते झालं. बेस्तरवारी येत जा."

मनस्वी खडखडत बाहेर आली आणि मला चहा हवा का विचारू लागली. मी पळतच सुटले. गावकीत गप्प बसल्याची शरम सात महिने अंगावर वागवली होती, ती आता माझ्या एकटीची राहिली नाही, हलकं वाटायला हवं होतं. उलट भीतीच वाटली. बांधावर भेटणारा प्रत्येक जण हात जोडून 'काय बाय' म्हणत होता, आणि प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं.

रविवारी रोह्याला गेले. पुतळी नुकतीच गिरणीतून आली होती. दिपी उभी राहिली हे सांगायचं सोडून मी आधी तेच सांगितलं. बाबाजींना खरं सांगितलं म्हणून. पुतळीच्या हातातला तांब्या खाली गेला.

"मग? येऊ नको म्हनले तुला?"

"नाही. ये म्हणाले. त्यांना आधीपासूनच माहीत होतं, पुतळे. सगळ्यांना."

तिनं मोठा श्वास सोडला आणि ओट्यावर बसली. आणि मग अशी भडकली की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. "सांगितलंस कशाला? कोनी इचारलं व्हतं तुला? तुजं मन हलकं कराया? आनि त्यांनी तुला बंद केली असती तं? मी घर सोरलं, नवरा सोरला, पोर सोरली, ती कशासाठी?"

"चुकलं माझं."

"परत नको बोलूस. कोनाकडंच नको. पोर चालंस्तोवर तोंड बंद ठेव. तुला तं येतंच ते."

मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी म्हटलं, नाही बोलणार. केरूच्या बायकोनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

"उभी राहिली ती," मग मी सांगितलं. "बाकाला धरून. मी वीस आकडे मोजले तोवर."

"गुडगा वाकतो?"

"वाकतो. एवढा." मी ओट्यावर पाय पुढे घेऊन, साडी जरा वर करून, किती वाकतो ते दाखवलं.

पुतळी सरकून जवळ आली. तिनं माझी पोटरी दोन्ही हातांनी धरली, हळूच, मुलाची धरावी तशी, आणि अंगठ्यानं चाचपत खाली गेली.

"कातडी हितं लावलीय?"

"जरा वर. हो, तिथंच."

तिनं हात तिथंच ठेवला. माझ्या गाडीची वेळ झाली तरी मी पाय हलवला नाही.